ठाण्या-नवी मुंबईत वर्षभर लेट्यूस: मे महिन्याचं काय करायचं?

खारघरच्या एका गृहस्थांनी विचारलंय: अकरावा मजला, पश्चिमेची बाल्कनी. डिसेंबर-जानेवारीत लेट्यूस झकास आलं, मार्चमध्ये तीच झाडं उंच होऊन कडूजहर झाली आणि एप्रिलमध्ये दोनदा पेरूनही बी उगवलंच नाही. वर्षभर घरचं लेट्यूस खाता येईल का, आणि त्यासाठी पाइपवालं हायड्रोपोनिक किट, म्हणजे मातीऐवजी पाइपमधल्या खताच्या पाण्यावर झाडं वाढवायचं, ते घ्यावं का?

पान बाराही महिने ताटात येतं. किट मात्र एवढ्यात घेऊ नका. का, ते ओघात येईलच.

मी ठाण्यात मानपाड्याजवळ सातव्या मजल्यावर राहते. बाल्कनी चार बाय नऊ फूट, पूर्वेची. बारा वर्षं लेट्यूस लावतेय आणि त्यातली पहिली चार वर्षं मी तुमच्यासारखीच मार्चमध्ये रडले आहे. माझी चूक एवढीच होती की 'वर्षभर' म्हणजे बारा महिने तसाच भरगच्च गड्डा, असं मी धरून चालले होते. तसा गड्डा आपल्याकडे दिवाळी ते शिवरात्र एवढ्यातच येतो. बाकीच्या महिन्यांत गड्डा विसरायचा आणि कोवळं पान खायचं. थंडीत पन्नास दिवसांचं झाड काढायचं, उन्हाळ्यात पंचवीस दिवसांचं. कडूपणा चढायच्या आत पान कापून मोकळं व्हायचं आणि तोवर पुढचा ट्रे उगवून तयार ठेवायचा. ही एक गोष्ट पचनी पडली की निम्मं काम झालं.

आता हवेचं. लेट्यूस हे गारव्याचं पीक. दिवसा विशीच्या आसपास आणि रात्री त्याहून थंड, अशी हवा त्याला मानवते. आपल्याकडे जानेवारीतही दुपार तिशीला टेकते, पण रात्री पारा १६-१७ पर्यंत उतरतो आणि तेवढ्या विसाव्यावर झाड तग धरतं. मे महिन्यात रात्रीसुद्धा २७ अंश. विसावा नाहीच. बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की दिवस मोठा झाला की लेट्यूस फुलोऱ्यावर येतं. युरोपात ते बरोबर आहे, तिकडे उन्हाळ्यात सोळा-सोळा तास उजेड असतो. आपला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. या सव्वादोन तासांच्या फरकाने काही आभाळ कोसळत नाही. आपलं झाड उकाड्याने बिथरतं.

आणि आपला उकाडा दमट. त्यामुळे नाशिक-पुण्याकडच्या लोकांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका. कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळा, बियांचा डबा माठाला टेकवून ठेवा, हे तिकडच्या कोरड्या हवेत चालतं. आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणीच जेमतेम गार होतं, तिथे गोणपाटाची काय कथा! पाणी हवेत उडून गेलं तर गारवा मिळतो, आणि आपल्या हवेत पाण्याला आधीच जागा नसते.

मार्चमध्ये तुमच्या झाडांचं जे झालं ते कांद्याला डेंगळे येतात तसंच. मधून दांडा चढतो, पानं टोकदार व्हायला लागतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं. याची चाहूल दांडा दिसायच्या आधीच लागते. खालचं एक पान देठापाशी मोडा आणि पाच सेकंद थांबा. थंडीत तिथे जेमतेम ओल दिसते, फार तर पातळसा पांढुरका थेंब. फेब्रुवारी उलटला की रुईच्या चिकाची आठवण यावी असा दाट पांढरा थेंब फुगून वर येतो, बोटाला चिकटतो आणि थोड्या वेळाने तपकिरी पडतो. कडूपणा त्या चिकात असतो. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, तेही लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरून आलेलं. थेंब दाट दिसला की त्याच दिवशी सगळं झाड कापा. 'अजून आठवडाभर वाढू दे' म्हणून ठेवलेलं झाड मी आजवर एकदाही खाऊ शकले नाही. थंड पाण्यात बुडवून कडूपणा थोडा कमी वाटतो, जात नाही. तशी पानं आमच्याकडे मेथीसारखी लसूण आणि मूगडाळ घालून परततात. यजमानांना ती भाजी कच्च्या लेट्यूसपेक्षा जास्त आवडते. कच्च्याला ते अजून 'तुझं गवत' म्हणतात.

आता न उगवलेल्या बियांकडे. तुम्ही दुकानदाराला दोष दिला असेल, मीही द्यायचे. बी बहुतेक चांगलंच असतं, फक्त झोपलेलं असतं. लेट्यूसचे रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या बाजूचे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठाक. उन्हाळ्यात उगवलेलं रोप तिथे मेलंच म्हणून समजा. त्यामुळे माती तापलेली असली की बी उगवायचंच नाकारतं. विशीतल्या तापमानाला दोन-तीन दिवसांत उगवणारं बी तिशीच्या पुढे अडून बसतं आणि पस्तिशीला बहुतेक जाती हूं की चूं करत नाहीत. तुमच्या पश्चिमेच्या कठड्यावरच्या काळ्या कुंडीत एप्रिलच्या दुपारी वरची माती चाळिशीपार जाते. बोट घालून बघा, चटका बसेल.

यावर उपाय घरातच आहे. स्टीलच्या छोट्या डब्यात ओला करून घट्ट पिळलेला टिश्यू पेपर पसरायचा. पाण्याचं डबकं नको. त्यावर चिमूटभर बी विखरायचं, वरून आणखी काही घालायचं नाही. झाकण लावून फ्रीजच्या तळातल्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचं. वरच्या कप्प्यात नको, तिथे फार गार पडतं. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी चहा होईपर्यंत डबा उघडून बघायचा. सहाव्या-आठव्या दिवशी काळ्या किंवा करड्या बियांच्या एका टोकाला तिळाएवढं पांढरं टोक फुटलेलं दिसतं. तेच हवं. एकदा मूळ फुटलं की बियाला परत झोपता येत नाही, मग बाहेर कितीही उकडो. ओल्या टूथपिकच्या टोकाने एकेक बी उचलून ट्रेमध्ये ठेवायचं, वर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) पातळ भुरका आणि दोन दिवस घरातल्या सावलीत. रात्री एसी लावत असाल तर फ्रीजही नको. ट्रे झोपायच्या खोलीत ठेवा, २४ अंशांवर तीन दिवसांत काम होतं. डब्यावर तारीख लिहायला मात्र विसरू नका. आमच्या सासूबाईंनी एकदा माझा डबा 'काहीतरी बुरसलेलं दिसतंय' म्हणून घासायला टाकला होता.

इथेच दोन गोष्टी सांगून ठेवते. बी खोल पुरू नका. अनेक जातींना उगवायला उजेड लागतो, पाव सेंटिमीटर मातीसुद्धा जास्त होते. आणि पाकीट फोडलं की उरलेलं बी हवाबंद डबीत, औषधांच्या बाटलीत येते ती सिलिकाची पुडी घालून, फ्रीजमध्येच ठेवा. आपल्या पावसाळ्यात बाहेर राहिलेलं बी पुढच्या दिवाळीला कामाचं राहत नाही. एका ग्रॅममध्ये हजारच्या आसपास बिया असतात, त्यामुळे छोटं पाकीटच घ्या. मोठं स्वस्त वाटतं आणि वाया जातं.

जातींबद्दल लोक फार विचारतात, मी फार बोलणार नाही. आइसबर्गच्या नादी लागू नका. त्याला ऐंशीच्या आसपास दिवस लागतात आणि एवढी सलग थंडी आपल्या नशिबात नाही. मॉलमध्ये मिळतं ते खुशाल विकत घ्या. सुट्या पानांची ग्रँड रॅपिड्स ही जात माझी बारा महिन्यांची सोबतीण. थंडीत हौस म्हणून लोलो रोसा आणि ओकलीफ, ताटात रंग दिसतो. रोमेन, म्हणजे लांब उभ्या पानांचं लेट्यूस, खायचंच असेल तर जेरिको शोधा. ती जात इस्रायलमध्ये, तिथल्या उन्हाळ्याचा विचार करून तयार झालेली आहे. आणि बटाविया गटातलं काही मिळालं तर सोडू नका, उकाडा सोसण्यात ती मंडळी पुढे असतात.

कुंडीऐवजी मी थर्माकोलचे खोके वापरते, बर्फात मासे ठेवून येतात ते. ओळखीच्या कोळणीकडे सांगून ठेवलं की मिळतात. तुम्हाला बेलापूरचं दिवाळे गाव जवळ पडेल, तिथल्या मासळी बाजारात विचारा. बर्फ टिकवण्यासाठी बनवलेला खोका, तो मुळांनाही उन्हापासून वाचवतो. माझ्या हिशोबाने उन्हाळ्यात कुठल्याही महागड्या साहित्यापेक्षा याचा उपयोग जास्त. सहा-सात इंच खोली पुरते. भोकं तळाला न पाडता बाजूला, तळापासून इंचभर वर पाडा. खाली थोडं पाणी साठून राहतं आणि दुपारी ऑफिसात असलात तरी झाड माना टाकत नाही. पावसाळ्यात मात्र तळालाही भोकं पाडावी लागतात.

भरायला निम्मं कोकोपीट, पाव गांडूळखत, पाव चाळलेली लाल माती आणि खोक्यामागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात मीठ असतं आणि कोवळ्या रोपांना ते बाधतं. जून ते सप्टेंबर कोकोपीट कमी करून भाताचं तूस घालते, नाहीतर चिखल होतो. शेण, जीवामृत यांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही: कच्चं खायचं पान आहे, त्यावर ताज्या शेणाचं काहीही शिंपडू नका. गांडूळखत नीट मुरलेलं हवं आणि तेही मातीत मिसळलेलं.

तुमच्या बाल्कनीचा खरा प्रश्न दुपारी एक ते सहा. मार्चपासून पन्नास टक्के सावलीची शेडनेट कठड्याच्या बाहेरच्या बाजूने बांधा. आतून बांधली तर कठडा तापतो आणि रात्रभर झाडांकडे उष्णता फेकत राहतो. खोके जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा स्टूलवर ठेवा, लादीही तशीच तापते. आणि घरात पूर्वेची एखादी खिडकी असेल, अगदी स्वयंपाकघराची, तर एप्रिल-मेमध्ये दोन ट्रे तिकडे हलवा. सकाळचं तीन तास ऊन लेट्यूसला उन्हाळ्यात पुरेसं होतं.

उन्हाळ्यातली पेरणी दाट, कोथिंबिरीसारखी. दीड फूट बाय एक फूट ट्रेमध्ये पाव ग्रॅम मोड आलेलं बी. बाविसाव्या ते पंचविसाव्या दिवशी, पान बोटभर झालं की कात्रीने सगळं कापायचं. मुळापासून दोन बोटं ठेवून कापलं तर कधी कधी दुसरी कापणी येते, पण मे महिन्यात ती कडसरच निघते. मी तिच्या आशेवर राहत नाही, ट्रे रिकामा करून पुढचा लावते. असे दर दहा-बारा दिवसांनी एक, म्हणजे कोणत्याही वेळी घरात तीन ट्रे. थंडीत याच्या उलट. रोपं वीतभर अंतरावर आणि कापायचं ते फक्त बाहेरचं पान, मधला गाभा तसाच. एका झाडाकडून चार-पाच आठवडे खाणं होतं. चार माणसांच्या घराला दर पंधरवड्याला बारा-पंधरा रोपं पुष्कळ.

कापणी कधीही करा, पण सूर्य वर यायच्या आत. दुपारी कापलेलं पान फ्रीजमध्येही मरगळलेलंच राहतं. कापल्यावर दहा मिनिटं गार पाण्यात, मग सुती फडक्यात गुंडाळून गच्च झटकायचं आणि त्याच फडक्यासकट डब्यात. पाच-सहा दिवस कुरकुरीत राहतं.

पावसाळा अनेकांना सोपा वाटतो, कारण हवा थोडी निवते. मला तो उन्हाळ्यापेक्षा अवघड जातो. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. रोपं उजेडाच्या शोधात दोऱ्यासारखी लांबतात आणि ओल्या मातीत बुडाशी कुजून एका रात्रीत कोलमडतात. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं आत घेते. चार फुटी मांडणीच्या एका फळीवर २० वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, पानांपासून वीतभर वर, रोज चौदा तास. जांभळे 'ग्रो लाइट' घ्यायची गरज नाही, घरात उगाच डान्स बार वाटतो. वीज रोज अर्ध्या युनिटच्या जराशी वर, महिन्याला सतरा युनिट. सोबत एक छोटा पंखा हवाच. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळल्यासारख्या दिसतात ना, त्यावर लोक अंड्याची टरफलं घालतात. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण दमट कोंदट हवेत पानातून पाणीच बाहेर पडत नाही, मग मुळांकडून ते वर कसं ओढलं जाणार? वारा खेळता ठेवला की नवी पानं नीट येतात.

बाहेर काही ठेवलंच तर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा. त्या सातव्या मजल्यावरही कशा पोचतात ते मला कळलेलं नाही, बहुधा नर्सरीतून आणलेल्या कुंडीतून. आणि पावसाळ्यात थोडं कमी लेट्यूस खाल्लं तर बिघडत नाही. ठाणे स्टेशनबाहेर येऊरकडच्या बायका टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बसतात तेव्हा माझा ट्रे आपोआप दुर्लक्षित होतो.

किडींमध्ये मावा सगळ्यांत चिवट. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली की पान उलटून बघा. कच्चं खायचं असल्यामुळे मी आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच धुते, तीन दिवस लागोपाठ. नाहीच गेला तर लिटरला पाच मिलि नीम तेल आणि थेंबभर भांड्यांचा साबण, आणि मग आठवडाभर ते पान तोडायचं नाही. कबुतरांसाठी मात्र जाळीला पर्याय नाही. रोपं उपटतात हे एक, पण त्यांची विष्ठा पडलेलं पान धुऊनही खाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता किट. मी सहा वर्षांपूर्वी छत्तीस छिद्रांचं पाइपचं किट घेतलं होतं, विक्रेत्याने 'बाराही महिने' अशी हमी दिली होती. जानेवारीत त्याने खरोखर डोळे दिपवले. मे महिन्यात पाइपमधलं पाणी हाताला कोमट लागायला लागलं, पांढरी मुळं आठवड्यात तपकिरी, बुळबुळीत झाली आणि एका दुपारी तीन तास वीज जाऊन पंप बंद पडल्यावर उरलेलं सगळं झोपलं. विक्रेत्याचं म्हणणं, तुम्ही द्रावण चुकीचं केलंत. द्रावण बरोबर होतं. पाणी पंचविशीच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. उष्ण प्रदेशात हे पीक पाण्यावर घेणारे मोठे लोक पाणी यंत्राने गार करतात. सिंगापूरमध्ये तर मुळांपुरता गारवा ठेवून वर उघड्या उकाड्यात लेट्यूस काढून दाखवलंय. आपल्या बाल्कनीत तसं यंत्र परवडत नाही. मी बाटल्यांत बर्फ करूनही पाहिलं. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या वीस लिटर पाणी चार-पाच अंशांनी उतरवतात, पण दोन-तीन तासांत पाणी पुन्हा होतं तिथे. दिवसातून चार वेळा बाटल्या बदलायला माणूस हवा.

पाण्यावर करून बघायची हौस असेल तर दिवाळीनंतर, आणि तेही पंपाशिवाय. हवाई विद्यापीठातल्या क्राटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. झाकणाच्या टबात द्रावण भरायचं, झाकणाला भोकं पाडून जाळीच्या कपात रोपं बसवायची आणि सोडून द्यायचं. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, वरच्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते. द्रावणाचा ईसी (त्यातल्या खताच्या क्षारांचं माप) ०.८ ते १.२, पीएच (आंबटपणाचं माप) ५.५ ते ६.५. टब बाहेरून पांढरा रंगवा, आत उजेड गेला की शेवाळ धरतं. झाकणात डास शिरेल एवढीही फट नको, नाहीतर पालिकेचे लोक अळ्या तपासायला आले की तुमचा टब त्यांना पहिला दिसेल.

तेव्हा आत्ता, एप्रिलच्या या शेवटच्या आठवड्यात तुम्ही एवढं करा: ग्रँड रॅपिड्सचं एक छोटं पाकीट आणून आज रात्रीच डबा फ्रीजमध्ये ठेवा. बी फुटेपर्यंतच्या आठवड्यात शेडनेट बाहेरून बांधून घ्या आणि दिवाळ्याला जाऊन दोन खोके आणा. अशाने मे संपायच्या सुमारास पहिली कापणी होईल. गड्ड्याचं लेट्यूस घटस्थापनेला घरात पेरा आणि रोपं दिवाळीच्या आसपास बाहेर काढा, ऑक्टोबरचं ऊन तोवर निवलेलं असतं. खोके आणलेत की साबणाने दोनदा धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, पण गच्चीवर नको, घरातल्याच बाल्कनीत. मी पहिल्यांदा गच्चीवर ठेवले होते. सकाळी एका खोक्यात सोसायटीतली दोन मांजरं झोपलेली आणि तिसरी दुसरा खोका ओरबाडत बसलेली.